मेक्सिकोच्या भिंतीवर वर्ध्याचा माणूस

मेक्सिको सिटीच्या मेट्रोत स्टेशनचं नाव वाचता आलं नाही तरी काही बिघडत नाही. इथे प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे. चापुल्तेपेक म्हणजे टोळ, इन्सुर्खेन्तेस म्हणजे घंटा, सोकालो म्हणजे साप पकडलेला गरुड. १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या डिझायनरने ही चित्रं आखली. फंडा साधा होता. ज्याला वाचता येत नाही, त्यानेही या शहरात हरवू नये.

मला स्पॅनिश येत नाही. म्हणजे या शहरात मी चक्क निरक्षर! टोळ, घंटा, गरुड मोजत मोजतच पहिले दोन दिवस फिरले.

इथे आले कशी, तर कॉलेजची मैत्रीण एका आयटी प्रोजेक्टवर दोन वर्षांसाठी इथे आलीय आणि तिच्या हॉलमध्ये एक सोफा रिकामा होता. तुम्हाला ऑफिसात पेड लीव्ह असते, आम्हा फ्रीलान्सरांचं आख्खं आयुष्यच अनपेड. त्यामुळे फुकटचा सोफा सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तिकिटाचे पैसे मात्र सहा महिने जमवत होते. त्यालाही कारण होतं. या शहरातल्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर, वरच्या मजल्यावर, एक मराठी माणूस पाव मोडत बसलाय. तोही आमच्या वर्ध्याचा. त्याला बघायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी नऊला बाबांचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेआठ.

‘‘जेवली का बाई?’’

‘‘हो बाबा. बोला.’’

‘‘गिऱ्हाईक पक्कं झालं. तीन एकराचं. तू आली का सही करून टाकू.’’

आजोबांनी जाताना सातबाऱ्यावर बाबांच्या जोडीने माझंही नाव लावलं होतं. तेव्हा मी अकरावीत होते आणि मला त्याचं हसू आलं होतं. आता त्याच नावामुळे माझ्या सहीशिवाय वावर विकता येत नाही. बाबा साठीचे झालेत, कापसाने दोन वर्षं दगा दिलाय, गुडघे साथ देत नाहीत. विकू नका म्हणायचा मला काय हक्क? पुण्यात राहून मी कधी एक तण तरी उपटलंय? ‘‘आल्यावर बघू,’’ म्हणाले आणि मेट्रोत शिरले.

चित्रांची बाराखडी

सोकालोच्या प्रचंड चौकातून कथीड्रलच्या मागे चालत गेलं की दोन-तीन गल्ल्यांत शिक्षण मंत्रालयाची इमारत लागते. मूळ जागा एका जुन्या कॉन्व्हेंटची. २०२४ पासून इथे म्युरल चळवळीचं संग्रहालय आहे. बाहेर रस्त्यावर फेरीवाल्यांचा कल्ला, आत पाऊल टाकलं की एकदम सामसूम. दोन मोठे चौक, भोवती तीन मजल्यांच्या कमानी आणि कमानींमागच्या प्रत्येक भिंतीवर चित्रं. दोनशेहून जास्त! दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ अशी पाच-सहा वर्षं या भिंतींवर काढली.

थोडा इतिहास, झटपट. मेक्सिकोवर तीसेक वर्षं पोर्फिरिओ दियासची हुकूमशाही होती. जमीन मूठभर हासिएन्दावाल्यांची, म्हणजे जमीनदारांची. राबणारे पिढ्यानपिढ्या कर्जात. १९१० साली भडका उडाला आणि पुढची दहा वर्षं देश पेटलेला होता. दक्षिणेत एमिलिआनो झापाता शेतकऱ्यांना घेऊन जमिनीसाठी लढला आणि १९१९ साली दगा देऊन मारला गेला. लढाई शमली तेव्हा नव्या सरकारपुढे प्रश्न होता की, बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, मग क्रांती कशासाठी झाली हे त्यांना सांगायचं कसं? शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी उत्तर शोधलं, भिंती रंगवा.

मास कॉमला आम्हाला ‘चिन्हांचा अर्थ लावा’ असा पाच मार्कांचा प्रश्न असायचा. लाल म्हणजे क्रांती, कबुतर म्हणजे शांती, मूठ म्हणजे एकजूट. जोड्या लावा टाइप. मला पाचपैकी पाच मिळाले होते. त्या जोरावर मी वहीत यादी करायला घेतली. कणीस म्हणजे जमीन, काडतुसांचा पट्टा म्हणजे लढा, विळा म्हणजे शेतकरी. इथल्या कम्युनिस्टांनी तर कोयता-हातोड्याच्या जोडीला कणीस आणि काडतुसंही आपलीशी केली होती. टीना मोदोत्ती या इटालियन फोटोग्राफरने १९२७ साली काडतुसांचा पट्टा, कणीस आणि गिटार एकत्र मांडून काढलेला फोटो अजून पोस्टरांवर दिसतो.

वीस मिनिटांत वहीचं पान भरलं. पण समोरचं चित्र काही कळेना. शब्दकोश पाठ असून भाषा न यावी, तसं झालं.

क्रॉस, पण चर्चबाहेरचा

मग मी यादी बंद केली आणि पहिल्या चौकात, तळमजल्यावर, एकाच भिंतीसमोर बसले.

खाणीत उतरणारे मजूर. खांद्यावर लाकडी तुळया. शेजारच्या चित्रात खाणीतून वर आलेला एक मजूर, दोन्ही हात बाजूला पसरून उभा. मुकादम त्याची झडती घेतोय, चांदी तर चोरली नाही ना! बघता बघता अंगावर काटा आला. पहिल्या चित्रातली तुळई म्हणजे क्रूस वाहून नेणारा येशू आणि दुसऱ्यातले पसरलेले हात म्हणजे क्रुसावरचा येशू. मग एकामागून एक दिसायला लागलं. चाबकाने फोडून काढलेल्या मजुराचे दोर सोडून क्रांतिकारक त्याला हलकेच खाली घेतायत, मागे हासिएन्दा जळतेय. क्रुसावरून येशूला उतरवण्याचं जे चित्र युरोपातल्या चर्चमध्ये शेकड्याने आहे, त्याचीच ही मांडणी. कामगार आणि शेतकरी गळाभेट घेतात त्या चित्रात गवती हॅट डोक्यामागे अशी आलीय की संतांची प्रभावळच वाटावी!

हे आपोआप झालेलं नाही. रिवेरा पॅरिसमध्ये क्युबिझम करत होता. १९२०-२१ मध्ये तो इटलीत फिरला, जॉत्तोपासूनची भित्तिचित्रं डोळे भरून पाहिली आणि मग मायदेशी परतला. निरक्षर माणसाला गोष्ट कशी सांगायची, हे चर्चने सहाशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं. रिवेराने साचा उचलला आणि आतला देव बदलला. आपल्याकडे सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले, त्याच जातीची ही युक्ती. लोकांना वळण ओळखीचं हवं, मग नवी गोष्ट पटकन आत शिरते.

आणि चित्राची एक गंमत आहे. खाणीच्या चित्रात रिवेराने सुरुवातीला एका कवीच्या ओळीही लिहिल्या होत्या, मजुरांना सरळ बंडाची हाक देणाऱ्या. गदारोळ झाला आणि त्या ओळी काढायला लावल्या गेल्या. शब्द गेले, पसरलेले हात राहिले. शंभर वर्षं झाली, अजून आहेत. शब्दाला धरता येतं. चित्र म्हणतं, छे, मी तर फक्त झडती दाखवली!

म्हणजे जोड्या लावण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा होता. ही खूण आली कुठून? आधी त्या जागी कोण होतं आणि आता कोणाला बसवलंय?

दोन टेबलं

मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे. हे गुगलवर वाचणं वेगळं आणि तीन मजले चढणं वेगळं. वर पोचले तेव्हा माझा पार फुगा झाला होता.

वरच्या मजल्यावर चित्रांच्या डोक्यावरून एक रंगवलेली फीत फिरत जाते. तिच्यावर कोरिदोचे शब्द लिहिलेत. कोरिदो म्हणजे इथला पोवाडाच म्हणा ना! गिटारवर गायच्या, लढायांच्या आणि शूरांच्या गोष्टी. म्हणजे ही चित्रं बघायची नाहीत, ओळीने ऐकायची.

एका टेबलाशी थांबले. ‘वॉल स्ट्रीटची मेजवानी’, १९२८. सुटाबुटातले पुरुष, झगमगीत बायका. रॉकफेलर, फोर्ड, मॉर्गन. मागे तिजोरी. टेबलावरचा दिवा आहे स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा. आणि सगळ्यांचं लक्ष कशावर, तर शेअरचे भाव छापलेल्या कागदाच्या लांबलचक पट्टीवर. या मेजवानीत पट्टीच महत्त्वाची. जेवताना मोबाईलवर मार्केट बघणारे मित्र तुम्हालाही असतीलच! हे रंगवल्याच्या पुढच्याच वर्षी, १९२९ साली, शेअर बाजार कोसळला.

आणि याच मजल्यावर दुसरं टेबल. ‘आमची भाकरी’. स्पॅनिशमध्ये ‘एल पान नुएस्त्रो’.

टेबलाच्या मध्यभागी, यजमानाच्या जागी, एक माणूस बसलाय. हातात पाव, तो मोडून वाटायच्या बेतात. भोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. चित्रावर नाव लिहिलेलं नाही, पण हा चेहरा त्यांचा मानला जातो. वर्धा जिल्ह्यात बालपण. पुढे क्रांतीचं वेड घेऊन अमेरिकेत, तिथे शेतीचं शिक्षण आणि १९१३च्या गदर चळवळीच्या उभारणीत सहभाग. पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध इराणकडे लढाई, मग बर्लिन, मग मॉस्कोत लेनिनची भेट. मायदेशाचं दार बंद, म्हणून १९२४ साली मेक्सिको. इथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवायला लागले. मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या कामाचे फोटो काढले. रिवेराही त्याच सुमारास चापिंगोचं चॅपेल रंगवत होता. तिथे त्याने झापाताला जमिनीखाली निजवलंय, लाल वस्त्रात, आणि वर मका उगवलाय.

आता मघाचा प्रश्न. ही खूण आली कुठून? चित्राचं नाव थेट ख्रिस्ती प्रार्थनेतून. रोजची भाकरी आम्हाला दे, असं जिथे देवाकडे मागतात ना, तिथून. पाव मोडून वाटणारा, भोवती माणसं, हे ‘लास्ट सपर’. म्हणजे येशूच्या जागी रिवेराने बसवलाय वर्ध्याचा शेतीमास्तर! आणि भाकरी देवाकडे मागायची गरज राहिलेली नाही, कारण ती कशी पिकवायची हे माहीत असलेला माणूसच टेबलावर आहे.

खरं सांगते, डोळे भरून आले. शेजारच्या जपानी जोडप्याने मला टिश्यू दिला.

पण टिश्यू वापरून झाल्यावर एक गोष्ट खुपायला लागली. पावच का? मेक्सिकोची भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया. खानखोज्यांचं नाव मक्यासाठी. याच इमारतीच्या तळमजल्यावर रिवेराने मक्याच्या सणाचं चित्र काढलंय, मक्याला देवासारखं सजवलेलं. मग वर, सगळ्यात महत्त्वाच्या टेबलावर, गव्हाचा पाव? गहू इथे आणला स्पॅनिश लोकांनी. माझा अंदाज असा की, तोर्तिया ठेवली असती तर ‘लास्ट सपर’ कुणाला ओळखूच आलं नसतं. साचा उसना घेतला की साच्याचा थोडा हट्टही सोबत येतो. देव बदलता आला, प्रसाद बदलता आला नाही.

डोक्यावर टोपली

आणखी एक. खानखोज्यांच्या मागे एक बाई उभी आहे. डोक्यावर भरलेली टोपली. सगळ्या लेखांत तिला ‘समृद्धीचं प्रतीक’ म्हणतात. परीक्षेत मीही तेच लिहिलं असतं, पूर्ण मार्क!

मला तिच्यात आजी दिसली. सकाळी दहाला ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा टोपलीत घालून, वर फडकं झाकून, ती अशीच डोक्यावर घेऊन वावरात यायची. बांधावर सगळे गोल करून बसायचे. आजोबा भाकरी मोडून वाटायचे. आजी उभी. ‘‘तू बस ना,’’ म्हटलं की म्हणायची, ‘‘बसतो नं, जेवा तुम्ही.’’ ती बसलेली मला आठवत नाही. प्रतीक होणं म्हणजे हेच असेल का? सगळ्यांच्या मागे, टोपली सावरत, उभं राहणं?

हे रिवेराच्या मनात होतं का, कुणास ठाऊक. पण चित्रातल्या खुणा फक्त चित्रकार ठरवत नाही, बघणाराही आपली टोपली घेऊनच येतो.

या क्रांतीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. चार पावलांवर ‘शस्त्रागार’ नावाचं चित्र आहे, तेही १९२८चं. लाल शर्टातली फ्रिडा काहलो बंदुका वाटतेय, कडेला टीना मोदोत्ती हातात काडतुसांचा पट्टा धरून क्युबाच्या हुलिओ आन्तोनिओ मेयाकडे बघतेय. जानेवारी १९२९ मध्ये याच शहराच्या रस्त्यावर, तिच्यासोबत चालताना, मेयाला गोळ्या घातल्या गेल्या. १९३० साली टीनाला देशाबाहेर काढलं. रिवेराला १९२९ साली त्याच्याच पक्षाने हाकललं. आणि क्रांतीचं नाव लावणारा सत्ताधारी पक्ष, १९२९ साली स्थापन झालेला, २००० पर्यंत खुर्चीवरून उठलाच नाही. सरकारने रंगवून घेतलेली क्रांती सरकारच्याच भिंतीवर राहिली, हेही एक चिन्हच! खालच्या रस्त्यावर, फाटकाबाहेर, एक म्हातारी आजही तोर्तिया विकत होती. तीही उभीच.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. मी वर्ध्यात दहावीपर्यंत शिकले, पण त्यांचं नाव शाळेत एकदाही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मैत्रिणीच्या सोफ्यावरून बाबांना फोटो पाठवला. तिकडे पहाट. बाबा चारलाच उठतात, त्यामुळे लगेच फोन आला.

‘‘हा आपल्या वर्ध्याचा?’’

‘‘हो. सगळ्यांना भाकर वाटतोय.’’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘वाटते थे बराबर आहे बाई. पेरलं कोनं, थे दाखवलं का त्यात?’’

पाचपैकी पाच मार्कांचा प्रश्न, बाबांनी एका झटक्यात विचारला. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर दाखवलंय. सगळे तिथे आहेत, खाणीवाले, उसाच्या घाण्यावरचे, मक्यावाले. वरच्या टेबलापर्यंत पोचायला जिना चढावा लागतो.

‘‘मग तू चढली का?’’

‘‘चढले. धाप लागली.’’

बाबा हसले. वावराचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. सही अजून केलेली नाही. करीन बहुतेक, कारण गुडघे माझे नाहीत, त्यांचे आहेत. पण एकदा त्या बांधावर जाऊन बसायचंय, आजी उभी राहायची त्या जागी. मग काय ते ठरवू.

जाणार असाल तर...

मेट्रोची २ नंबरची लाइन धरा आणि गरुडाच्या चित्राला, म्हणजे सोकालोला, उतरा. वाटेत आस्तेकांच्या ‘तेम्प्लो मायोर’चे अवशेष दिसतील, तेही बघून घ्या. चित्रं बघायला तळमजल्यापासून सुरुवात करा आणि चढत चढत वर जा, थेट वर जाऊन सेल्फी काढू नका. वरच्या मजल्याआधी पाच मिनिटं बसा, उंची दगा देते. अर्धा दिवस हाताशी असेल तर शहराबाहेर चापिंगोचं चॅपेलही गाठा. आणि बाहेर पडल्यावर रस्त्यावरची गरम तोर्तिया खा. चित्रात मिळाली नाही ती तिथे मिळते.